महागडा फोन आणि परीक्षणाची पारख

महागड्या मोबाईल फोनच्या बाजारात ॲपल आणि सॅमसंग यांची चुरस जुनी आहे. नवा फोन निघाला की परीक्षणांचा पाऊस पडतो आणि त्यावर विसंबून कारागीरही महिन्याची कमाई मोजून देतो. ही परीक्षणे कितपत भरवशाची?

ऑगस्ट २०१६ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ आला. परीक्षकांनी पडदा, कॅमेरा, घडण यांची वाहवा केली. पण बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. सप्टेंबरात सुमारे २५ लाख फोन परत मागवले गेले. बदलून दिलेलेही पेटले आणि ऑक्टोबरात उत्पादनच बंद झाले. परीक्षकांनी खोटे लिहिले नव्हते. एखादा फोन चार दिवस वापरून असा दोष कळत नाही.

२०१० मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकन ग्राहक मासिकाने ॲपलचा आयफोन ४ दुकानातून विकत घेऊन तपासला. एका ठराविक जागी बोट टेकले की सिग्नल कमजोर होई. मासिकाने शिफारस नाकारली. कंपनीने ग्राहकांना मोफत कव्हर दिले.

प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा उघड केला आणि ओले धान्य वर ठेवायला सांगितले, हे आपण जाणतो. परीक्षणही तसेच तपासावे. फोन कोणी दिला? किती दिवस वापरला? बॅटरी व दुरुस्तीचा खर्च सांगितला का? खरेदीपूर्वी दोन-तीन महिने थांबावे, असे आम्ही सुचवतो. आणि दुकानदार बांधवांनी माहीत असलेला दोष गिऱ्हाइकाला आधी सांगावा.