सीक्रेट एजंट एक्स-९
सीक्रेट एजंट एक्स-९ ही अमेरिकी वृत्तपत्रांतून १९३४ ते १९९६ या काळात प्रसिद्ध झालेली हेरकथांची चित्रमालिका आहे. किंग फीचर्स सिंडिकेटने ती २२ जानेवारी १९३४ रोजी सुरू केली. आरंभीचे लेखन डॅशिएल हॅमेट यांचे, तर चित्रे ॲलेक्स रेमंड यांची होती. हॅमेट यांनी पूर्वी पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत काम केले होते.

सुरुवातीला नायक निनावी होता आणि तो कोणत्या सरकारी खात्याचा हेही स्पष्ट केलेले नव्हते. १९४०च्या दशकात मेल ग्राफ यांनी त्याला फिल कॉरिगन हे नाव दिले. काळानुसार त्याचे शत्रूही बदलले. प्रथम गुन्हेगारी टोळ्या व तस्कर, महायुद्धकाळात शत्रुराष्ट्रांचे हेर व घातपाती आणि शीतयुद्धाच्या काळात आंतरराष्ट्रीय कट रचणारे व दहशत माजवणारे गट यांच्याशी त्याचा सामना होतो. त्यामुळे अमेरिकी समाजाला त्या त्या वेळी कशाचे भय वाटत होते, याचे प्रतिबिंब मालिकेत दिसते.

१९६७ ते १९८० या काळात आर्ची गुडविन यांनी लेखन व अल विल्यमसन यांनी चित्रांकन केले. भारतात कॉरिगनच्या कथा इंद्रजाल कॉमिक्समधून वाचकांपर्यंत पोहोचल्या. ही प्रकाशनमाला मराठीतही निघत असे.