घरपट्टीतून निघालेली जाहिरात

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर ब्लॅकपूल नावाचं शहर आहे. समुद्र गारठलेला, वारा बोचरा, आणि पाऊस कधी गाठेल याचा नेम नाही. बघायला जावं असा जुना किल्ला नाही की नावाजलेलं प्रार्थनामंदिर नाही. 1901 च्या जनगणनेत इथली वस्ती 47 हजारांच्या आसपास होती. तरीही पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर इथे वर्षाकाठी सुमारे 40 लाख माणसं येत होती. याचं थोडं श्रेय समुद्राला, बरंचसं रेल्वेला आणि उरलेलं एका कायद्यातल्या छोट्या कलमाला द्यावं लागतं.

हे कलम 1879 सालचं. ब्लॅकपूलला नगरपालिका मिळून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. रस्ते, गटारं यांसारख्या सुधारणांसाठी पालिकेने पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घेतला आणि त्यातच शहराची जाहिरात करण्यासाठी घरपट्टीवर पौंडामागे दोन पेन्सपर्यंत जादा कर बसवायची परवानगी पदरात पाडून घेतली. त्या काळी लंडनच्या सरकारी खात्यांना ही कल्पना मुळीच पसंत नव्हती. लोकांनी भरलेला कर पाणी, दिवे, रस्ते यांवर खर्च व्हावा. आपला माल खपवणं हे दुकानदाराचं काम, पालिकेचं नव्हे, असा त्यांचा खाक्या होता. त्यामुळे पुढे इतर समुद्रकाठच्या शहरांनी हेच मागितलं तेव्हा त्यांना नकार मिळाला. ब्लॅकपूलचं कलम मात्र कायद्यात जाऊन बसलं होतं. शेजारची शहरं वर्गणी गोळा करत, हॉटेलवाल्यांच्या विनवण्या करत. ब्लॅकपूलला दरसाल हक्काचा पैसा येई. या एका फरकाने चाळीस वर्षं कशी फिरवली ते पाहिलं की जाहिरातकलेपेक्षा जाहिरातीच्या हिशेबवहीचंच मला जास्त कौतुक वाटतं.

हा पैसा रंगीत पोस्टरांवर गेला. ती गिरण्यांच्या गावांतल्या रेल्वे स्टेशनांवर झळकत. अशा पोस्टरांत पाऊस कधी पडत नसे, हे वेगळं सांगायला नको. खरी हुशारी मात्र गिऱ्हाईक निवडण्यात होती. दक्षिणेकडची ब्रायटनसारखी शहरं बड्या लोकांच्या वर्दळीवर मोठी झाली होती. ब्लॅकपूलने लँकेशायर आणि यॉर्कशायरच्या गिरणी कामगारांना हाक घातली. तिकडे 'वेक्स वीक' म्हणून प्रथा होती. मुळात गावच्या चर्चची जत्रा. पुढे त्या आठवड्यात गावातल्या साऱ्या गिरण्या एकदम बंद राहू लागल्या. ओल्डहॅमचा आठवडा वेगळा, बर्नलीचा वेगळा, बोल्टनचा वेगळा. म्हणजे सगळा उन्हाळाभर एक गाव परत निघालं की दुसरं येऊन दाखल. या सुट्टीचा पगार मिळत नसे, म्हणून कामगार वर्षभर आपल्याकडच्या भिशीसारख्या 'गोइंग-ऑफ क्लबां'त दर आठवड्याला पैसे टाकत आणि सुट्टीच्या आधी एकरकमी उचलत. ती रक्कम खुळखुळत ब्लॅकपूलला पोचे.

आणि ती उतरवून घ्यायला तिथे घरमालकिणी तयार असत. यातल्या पुष्कळजणी स्वतः गिरणगावांतूनच आलेल्या, त्यामुळे पाहुण्याला बोलीपासून आपलंच माणूस भेटल्यासारखं वाटे. बऱ्याच ठिकाणी भाडं फक्त खोलीचं असे. मटण-भाजी पाहुण्याने बाजारातून आणून द्यायची, मालकीण ती शिजवून वाढणार. टेबलावरच्या मीठ-मिऱ्याच्या भांड्यांचा आकार बिलात वेगळा लावल्याचे विनोद तर त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालले.

जाहिरातीला साजेसा माल हवा, हेही या शहराला पक्कं कळलं होतं. ज्या 1879 साली करमंजुरी मिळाली त्याच वर्षी सप्टेंबरात समुद्रकाठच्या रस्त्यावर विजेचे आठ आर्क दिवे लावले गेले. घरात रॉकेलचा नाहीतर गॅसचा दिवा जाळणारी माणसं ते बघायला झुंडीने आली. 1885 मध्ये विजेवर चालणारी ट्राम सुरू झाली. पॅरिसचा आयफेल टॉवर पाहून आलेल्या जॉन बिकरस्टाफ या महापौराने पुढाकार घेतला आणि 1894 च्या मे महिन्यात 518 फूट उंचीचा ब्लॅकपूल टॉवर खुला झाला. त्याच्या पायथ्याशी सर्कस होती, पुढे झगमगता नाचघर आलं. सपाट मुलखातला हा सांगाडा मैलोन्‌मैल लांबून दिसे. आगगाडीच्या खिडकीत डोकी खुपसून तो आधी कुणाला दिसतो याची पोरांत चढाओढ लागायची. पोस्टरवर वेगळा खर्च करायची गरजच नाही अशी ही उभी जाहिरात.

त्यात भर घातली पोस्टकार्डांनी. 1902 पासून ब्रिटिश टपालखात्याने कार्डाच्या एकाच बाजूवर पत्ता आणि मजकूर दोन्ही लिहायला परवानगी दिली, त्यामुळे दुसरी अख्खी बाजू चित्राला मोकळी झाली. तिकीट अर्ध्या पेनीचं. गिरणीतली बाई घरी राहिलेल्या शेजारणीला टॉवरचं कार्ड धाडायची. कार्डावर राहण्याच्या घराचं चित्र असेल तर खिडकीवर फुली मारून 'ही आमची खोली' असं लिहायची. पालिकेच्या समितीला हजार बैठका घेऊनही असली जाहिरात सुचली नसती, आणि सुचली असती तरी तिच्यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

पैसा नसलेल्या शहरांना रेल्वे कंपन्यांच्या मर्जीवर राहावं लागे. पूर्व किनाऱ्यावरचं स्केगनेस हे ठळक उदाहरण. 1908 साली ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने जॉन हॅसॉल या चित्रकाराकडून पोस्टर करून घेतलं. गुबगुबीत म्हातारा कोळी, पायात गुडघाभर बूट, तोंडात पाइप, समुद्रकाठाने उड्या मारत चाललाय. खाली मजकूर असा, की इथली हवा भलतीच तरतरीत आहे. बोचऱ्या वाऱ्याचंच भांडवल! चित्राचे हॅसॉलला बारा गिनी मिळाले. त्याने स्केगनेस पाहिलेलंही नव्हतं. तिथे तो पहिल्यांदा गेला 1936 साली. पोस्टर गाजलं, ब्रिटनमधल्या सर्वांत प्रसिद्ध पोस्टरांत जाऊन बसलं. पण ते चितारून घेणारी कंपनी तिकिटं विकत होती, शहर ही तिची दुय्यम काळजी.

ब्लॅकपूल दरम्यान बातमीत राहायला शिकलं होतं. ब्लेरिओ या वैमानिकाने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली जुलै 1909 मध्ये. ऑक्टोबरात ब्लॅकपूलने विमानांचा मेळावा भरवून टाकला. ऐन मेळाव्यात सोसाट्याचा वारा सुटला आणि ह्यूबर्ट लॅथम हा वैमानिक त्या वाऱ्यात विमान घेऊन वर गेला, हे वर्तमानपत्रांनी चवीने छापलं.

1912 च्या मेमध्ये राजकन्या लुईझ समुद्रकाठचा नवा रस्ता खुला करायला आली, तेव्हा पालिकेने सुमारे दहा हजार दिव्यांची आरास केली. वीज पालिकेची, ट्रामही पालिकेची, म्हणजे सगळा खेळ घरच्या घरात. पाहुणे निघून गेल्यावर दुकानदारांनी आग्रह धरला, सप्टेंबरात हंगाम ओसरतो तेव्हा ही रोषणाई पुन्हा करा. केली, आणि गाड्या भरभरून माणसं आली.

आता जरा आपल्याकडे. ब्लॅकपूलला येणारे लँकेशायरचे गिरणी कामगार जे कापड विणत त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान. मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमध्ये मँचेस्टरचे तागे उलगडले जात, आणि 1905 मध्ये पुण्यात पेटलेली विलायती कपड्यांची होळीही याच मालाविरुद्ध. ब्लॅकपूलच्या टॉवरखाली खर्च होणाऱ्या शिलिंगांतला काही भाग आपल्याकडच्या धोतर-लुगड्यांतूनच तिकडे गेला होता. पोस्टरवर अर्थातच तो कुठे दिसत नव्हता.

महायुद्धाने रोषणाई थांबवली. 1921 साली सरकारने अखेर इतर पर्यटनस्थळांनाही जाहिरातीची मुभा दिली, तीही हात आखडता ठेवून: मर्यादा एक पेनीची, आणि तो पैसा घरपट्टीतून नव्हे तर किनाऱ्यावरच्या खुर्च्यांचं भाडं, स्नानगृहांची फी असल्या उत्पन्नातून काढायचा. ब्लॅकपूलचे दोन पेन्स चाळीस वर्षं आधीपासून चालू होते. 1925 मध्ये तिथले दिवे परत लागले, हंगाम शरद ऋतूपर्यंत लांबला, आणि घरमालकिणींना आणखी काही आठवड्यांचं भाडं मिळू लागलं.