कंपाउंड धनुष्यासाठी बाण पारखून घ्या



2023 सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्लिन येथे तिरंदाजीची जागतिक स्पर्धा झाली. त्यात सातारा जिल्ह्यातील शेरेवाडीची आदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली आणि नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचे अजिंक्यपद मिळवले. ओजसने अंतिम सामन्यात पंधरापैकी पंधरा बाण दहाच्या वर्तुळात मारून 150 पैकी 150 गुण घेतले. पुढे त्याच वर्षी चीनमधील आशियाई स्पर्धेत त्याने तीन सुवर्णपदके आणली. दोघेही सातारच्या प्रवीण सावंत सरांकडे शिकलेले. बुलढाण्याचा प्रथमेश जावकरही याच प्रकारातला नावाजलेला तिरंदाज. या सर्वांच्या हातातले धनुष्य म्हणजे चाकांचे कंपाउंड धनुष्य. 2028 साली लॉस एंजेलिसला होणाऱ्या ऑलिंपिकमध्ये या धनुष्याची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच घेण्याचे ठरले आहे.

या बातम्या गावोगाव पोचल्या आहेत. भिवंडी तालुक्यात अंबाडी, वज्रेश्वरी, पडघा भागात फिरताना भाताच्या करप्याबद्दल विचारणारा शेतकरी हल्ली हळूच दुसराही प्रश्न विचारतो, “साहेब, पोराला धनुष्य घ्यायचं म्हणतोय, काय घेऊ?” धनुष्याची चौकशी सगळे करतात, बाणाची कोणी करत नाही. खरे तर पैसे जास्त वेळा बुडतात ते बाणात आणि हाताला इजा होते तीही बाणामुळेच. म्हणून हा लेख बाणापुरता.

त्याआधी एका गोष्टीचा निकाल लावू. काही जणांच्या मनात पोराच्या खेळाबरोबर रानडुकराचाही बंदोबस्त असतो. तुंगारेश्वर आणि तानसा ही दोन्ही अभयारण्ये आपल्याला जवळ. भात निसवला की डुकरांचे कळप एका रात्रीत खाचर लोळवतात. तो राग मी समजू शकतो. परंतु 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि कायद्यात शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. जखमी करणे, सापळा लावणे, हाकारा घालणे, इतकेच काय नुसता प्रयत्न करणेही त्यात येते. साधारण गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अभयारण्याच्या हद्दीत केल्यास तीन ते सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. वापरलेले हत्यार आणि वाहन सरकारजमा होते ते वेगळेच. अमेरिकेत कंपाउंड धनुष्याने हरणाची शिकार चालते. त्यासाठी पात्यांची टोके लावलेले जड बाण मिळतात आणि त्यांची चित्रे पाहून आपली मुले तसलेच मागतात. ते घेऊ नयेत. इथे त्यांचा कायदेशीर उपयोग नाही, स्पर्धेत ते चालत नाहीत आणि सरावाचे लक्ष्य एका दिवसात फाडून ठेवतात. पिकाचे नुकसान झाले तर त्याच दिवशी वनरक्षकास किंवा वनक्षेत्रपाल कार्यालयास कळवून पंचनामा करून घ्यावा व भरपाईचा अर्ज द्यावा. उपद्रव फारच असेल तर कायद्याच्या अकराव्या कलमाखाली अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती कागदावर हातात पडल्याशिवाय काही करू नये. कुंपणात वीज सोडण्याचा मार्ग तर कोणी मनातही आणू नये. त्यात डुकराआधी घरचा माणूस जातो.

आता बाणाकडे वळू.

आपल्या वारली, कातकरी बांधवांना धनुष्यबाण नवा नाही. बांबूची कामठी, सरळ काडी आणि मागे पिसे, एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या नेम साधला गेला. मात्र ती काडी त्या कामठीसाठी होती. कंपाउंड धनुष्य हे अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी शोधले व 1969 मध्ये त्याचे पेटंट मिळाले. त्याच्या दोन्ही टोकांस फिरती चाके असतात. ओढताना मध्यावर पूर्ण जोर लागतो आणि शेवटी चाक फिरल्यावर हातावरचा भार एकदम उतरतो, बहुधा पाऊण हिश्श्याने. त्यामुळे नेम शांतपणे धरता येतो. परंतु दोरी सुटताच सगळा साठलेला जोर क्षणात बाणाच्या पाठीवर बसतो. घरी केलेली लाकडी काडी तो धक्का सोसत नाही, हातातच फुटते. कंपाउंडमधून लाकडी बाण कधीही सोडू नये. आजोबांच्या बाणांचा कितीही अभिमान असला तरी नाही.

कंपाउंडसाठी ॲल्युमिनियमचे किंवा कार्बनचे बाण येतात. शिकाऊ मुलासाठी जरा जाड, कमी किमतीचे कार्बन किंवा ॲल्युमिनियमचे बाण पुरतात. ॲल्युमिनियमचा बाण वाकतो. वाकला की सपाट फरशीवर लोळवून लगेच दिसतो. कार्बनचा बाण वाकून राहत नाही, पण आतून तडकतो आणि तडा डोळ्याला दिसेलच असे नाही. म्हणून प्रत्येक कार्बन बाण सोडण्यापूर्वी दोन्ही हातांत धरून, तोंडापासून दूर ठेवून, हलकेच वाकवावा, थोडा फिरवून पुन्हा वाकवावा. करकर ऐकू आली किंवा बोटाला खरखर लागली तर बाण तेथेच मोडून टाकावा. जपून ठेवू नये, कारण संध्याकाळी धाकटा भाऊ तोच उचलतो. तडकलेला बाण दोरीच्या धक्क्याने फुटला तर त्याचे सुईसारखे तंतू धनुष्य धरलेल्या हातात घुसतात आणि ते काढणे डॉक्टरांनाही जिकिरीचे होते.

दुकानदार पहिला प्रश्न विचारील तो लांबीचा. मुलाला दोन्ही हात आडवे पसरून भिंतीला टेकवून उभे करा, मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इंचांत मोजा आणि अडीचने भागा. 65 इंच आले तर मुलाची ओढ साधारण 26 इंच. हा अंदाज झाला, शेवटचे माप प्रशिक्षकाने धनुष्य ओढवून घ्यावे. बाणाची लांबी दोरीच्या खाचेपासून काडीच्या शेवटापर्यंत मोजतात, टोक त्यात धरत नाहीत. पूर्ण ओढल्यावर काडी टेकूच्या पुढे इंच-दोन इंच राहिली पाहिजे. वाढत्या मुलाच्या बाबतीत तर राहिलीच पाहिजे. आखूड बाण ओढताना टेकूवरून मागे घसरला आणि त्याच क्षणी दोरी सुटली तर तो सरळ हातात जातो. शाळेचा गणवेश आपण वाढीच्या मापाने घेतो, तसेच हे.

लांबीनंतर ताठपणा, आणि खरी पारख इथेच आहे. दुकानात याला स्पाइन म्हणतात व काडीवर 340, 400, 500, 600 असे आकडे छापलेले असतात. हे आकडे पाहून गोंधळून जाऊ नये. काडी 28 इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून मध्यभागी 880 ग्रॅमचे वजन टांगतात आणि ती किती खाली वाकते ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. अर्धा इंच वाकली तर ती 500 ची. म्हणजे आकडा मोठा तितकी काडी लवचिक, आकडा लहान तितकी ताठ. आपल्याला मोठा आकडा म्हणजे भारी माल अशी सवय असते, इथे उलटे आहे.

धनुष्याचा जोर पौंडांत सांगतात. जोर जास्त तशी काडी ताठ हवी. काडी लांब ठेवली किंवा पुढे जड टोक लावले तर तीच काडी वागायला मऊ होते, आखूड कापली तर ताठ होते. म्हणून शेजारच्या मुलाचे बाण पाहून आपले घेऊ नयेत. 50 पौंडांच्या आसपासचे धनुष्य व 28 इंचांची काडी असेल तर 500 च्या जवळपासची काडी बहुधा लागते, पण हा केवळ नमुना आहे. प्रत्येक कारखाना आपल्या बाणांचा तक्ता देतो. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचतो तितक्याच काळजीने तो वाचावा. दोन आकड्यांमध्ये अडलात तर ताठ काडी घ्यावी. जरा ताठ बाण फार तर थोडा बाजूला जाईल, मऊ बाण मात्र मोठ्या जोरापुढे फुटू शकतो.

मग वजन. बाण हलका तितका वेगात जातो हे खरे, पण फार हलका बाण सोडणे म्हणजे जवळजवळ रिकामी दोरी सोडण्यासारखे. जोर बाणात न जाता धनुष्यातच उलटतो आणि पाती, चाके, दोरी यांपैकी काही तरी तुटते. बाण न लावता तर दोरी कधीच सोडू नये. घरी आलेले पाहुणे हमखास हेच करतात, त्यांच्या हाती धनुष्य देऊ नये. कंपाउंडसाठी जोराच्या प्रत्येक पौंडामागे किमान 5 ग्रेन वजनाचा बाण असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. ग्रेन म्हणजे काय हे आपल्या सोनाराला विचारा. जुना तोळा 180 ग्रेनचाच होता. 40 पौंडांच्या धनुष्यास 200 ग्रेन, म्हणजे सुमारे 13 ग्रॅम, म्हणजे तोळ्याहून थोडा जास्त. टोक, पिसे, खाच सगळे बसवून बाण सोनाराच्या काट्यावर ठेवला की उत्तर मिळते. ही किमान मर्यादा झाली. शिकाऊने त्याहून जडच घ्यावा. तो धनुष्याला जपतो आणि आवाजही कमी करतो. बाराही बाण एकाच वेळी तोलून घ्या, त्यांत फरक असेल तर नेम कधीच एके ठिकाणी बसणार नाही आणि दोष विनाकारण पोराच्या माथी येईल.

बाणाचा तोल पुढच्या बाजूस असावा. बोटावर तोलून पाहा. 28 इंचांचा बाण खाचेपासून 17 इंचांवर तोलला तर तो मध्यापासून 3 इंच पुढे, म्हणजे सुमारे 11 टक्के, आणि हे चांगले. पिसे प्लॅस्टिकची घ्यावीत, आपल्या पावसाळी हवेत खरी पिसे भिजून बसतात. मागची खाच दोरीवर टिक्‌ असा आवाज करून बसावी आणि बाण खाली लोंबकळता राहावा, पण दोरीला हलकी टिचकी मारताच सुटावा. घट्ट बसणे वाईट, ढिले बसणे त्याहून वाईट.

मोकळ्या मैदानावर कंपाउंडची स्पर्धा 50 मीटरवरून होते, 60 पौंडांहून जास्त जोराचे धनुष्य चालत नाही आणि बाणाची काडी 9.3 मिलिमीटरहून जाड असता कामा नये. शिवाय प्रत्येक बाणावर खेळाडूचे नाव किंवा आद्याक्षरे लिहावी लागतात. जाड काडी घेण्यापूर्वी हे ध्यानात असू द्या.

खर्चाचेही स्पष्ट सांगतो. स्पर्धेचा संपूर्ण संच लाखाच्या पुढे सहज जातो, आणि एका मोसमात मुलाची उंची वाढली तर बाण पुन्हा घ्यावे लागतात. म्हणून पहिल्याच वर्षी पीककर्जाच्या पैशाला हात लावू नका. आपल्या देशात इंडियन राउंड नावाचा स्पर्धाप्रकार आहे. त्यात बांबूचे धनुष्य घेऊन 30 आणि 50 मीटरवरून नेम धरतात. आपल्या भागातल्या, विशेषतः वारली, कातकरी, ठाकूर घरांतल्या मुलामुलींना तो प्रकार हाताला ओळखीचा वाटेल. तिथे वर्षभर टिकलेल्या मुलासाठी मग कंपाउंडचा विचार करावा, आणि तोही भाड्याने किंवा संस्थेच्या धनुष्यावर सराव करून. मुलींना मागे ठेवू नका. भारताला जागतिक स्पर्धेतले पहिले सुवर्णपदक 2023 मध्ये बर्लिनलाच मिळाले, आणि ते कंपाउंडच्या महिला संघाने मिळवले.

सरावासाठी भाताचा पेंढा उत्तम. पेंढ्या ओल्या नसाव्यात. काथ्याने आवळून, दाबून, दोन हात जाडीचा ठोकळा बांधावा, सैल राहिला तर बाण आरपार जातो. ठोकळ्यामागे मातीचा उंच बांध किंवा टेकाड असावे, गुरांची वाट किंवा पाणवठा नसावा. मोठ्या माणसाच्या कंपाउंडमधून सुटलेला बाण सेकंदाला 250 फुटांहून अधिक वेगाने जातो. नेम चुकला तर तो पलीकडच्या शेतात जाऊन पडतो. बाण ठोकळ्यातून काढताना मागे कोणी उभे नाही हे पाहून, काडी ठोकळ्याजवळ धरून सरळ ओढावा. सराव संपला की सोडलेले आणि गोळा केलेले बाण मोजून पाहावेत. एक जरी कमी असला तरी तो सापडेपर्यंत त्या बांधावर गवत कापायला कोणी जाऊ नये आणि बैलही सोडू नयेत.