दीड किलो पक्षी आणि चंद्र

डिसेंबरची सकाळ, निफाडची थंडी, कानटोप्या घट्ट, दुर्बिणी गळ्यात. चापडगावच्या मनोऱ्यावर आपण सगळे दाटीवाटीने उभे आहोत आणि समोर पसरलंय नांदूर मध्यमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा! गोदावरी-कादवेच्या संगमावर 1907 ते 1911 या काळात बंधारा बांधला, त्यामागे गाळ साचत गेला आणि पाखरांना हवी तशी उथळ पाणथळ तयार झाली.

किती मोठी? 1,437 हेक्टर, म्हणजे साडेतीन हजार एकर. एवढ्या जागेवर फक्त एक सेंटिमीटर पाऊस पडला तरी पाणी होतं 14 कोटी लिटरच्या वर. आपल्याकडची 20 फूट रुंद, 40 फूट खोल विहीर घ्या. अशा चारशेहून जास्त विहिरी काठोकाठ भरतील. एका सेंटिमीटरात!

आता स्कोप त्या काठावर वळवा. चिखलात तुरुतुरु पळणारा तो टिलवा दिसला? वजन सुमारे 25 ग्रॅम. एक रुपयाची सहा-सात नाणी तळहातावर ठेवा, झाला टिलवा. हा जन्मतो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात. सैबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पापासून नाशिकपर्यंत सरळ रेष ओढली तरी 6,100 किलोमीटर भरतात. मुंबई-पुणे 150 धरा, म्हणजे चाळीस वेळा मुंबई-पुणे! लिटरला 50 देणाऱ्या मोटारसायकलला एवढ्या अंतरासाठी 122 लिटर पेट्रोल लागेल. शंभराचा भाव धरला तर 12,200 रुपये. टिलव्याचा सगळा खर्च किडे-अळ्यांवर भागतो.

दम लागला? अजून वर बघायचंय. नशीब असेल तर इथे पट्टकादंब दिसतो, डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा हंस. मंगोलियाची सरोवरं ते नाशिक, जवळपास 3,900 किलोमीटर, आणि मध्ये उभा हिमालय! या जातीच्या पक्ष्याची उंची यंत्राने टिपली आहे 7,290 मीटर. कळसूबाईवर कळसूबाई, अशा चार रचा. तरी 700 मीटर कमीच. तिथल्या श्वासात प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याहूनही कमी, आणि हा दोन-तीन किलोचा गडी पंख मारत निघालेला!

पलीकडे लांब चोचीचे काळ्या शेपटीचे गॉडविट उभे आहेत. त्यांच्या पट्टेरी शेपटीच्या चुलतभावाने तर कहर केला. ऑक्टोबर 2022 मध्ये जेमतेम पाच महिन्यांच्या एका पिल्लाने अलास्काहून टास्मानिया गाठलं. 13,560 किलोमीटर, 11 दिवस, आणि वाटेत कुठेही टेकणं नाही! नव्वद वेळा मुंबई-पुणे. दिब्रुगड-कन्याकुमारी विवेक एक्स्प्रेस सुमारे 4,190 किलोमीटर धावते. तिच्या तीन पूर्ण खेपा झाल्या तरी हजारेक किलोमीटर उरतात. गाडी पन्नासहून जास्त ठिकाणी थांबते. गॉडविट तासाला सरासरी 51 किलोमीटरने नुसता उडत राहिला.

आणि आता सगळे मिळून मोजू या. पक्षीगणनेत करतात तसंच. आधी डोळ्यांत दहाचा गठ्ठा बसवायचा, मग थवाभर गठ्ठे मोजत जायचे. दहा, वीस, तीस... साठ, आणि वर तीन. 63 टिलवे! गुणिले 6,100. उत्तर 3,84,300 किलोमीटर. पृथ्वीपासून चंद्र सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे!

थांबा, वजनही करा. 63 टिलवे म्हणजे जेमतेम दीड किलो. एवढ्याशा थव्याने मिळून चंद्राइतका पल्ला मारला आणि आता तो नाशिक जिल्ह्याच्या चिखलात नाश्ता करतोय. उन्हाळा लागला की हाच थवा उत्तरेला निघेल, म्हणजे चंद्रावर जाऊन परत! दर वर्षी! आणि या सगळ्यासाठी त्यांना आपल्याकडून हवंय काय, तर थोडा चिखल आणि बोटभर पाणी.