विडी सोडण्यास डॉक्टरांचा आधार

पेडणे-डिचोलीकडे विडी सोडण्याच्या शपथा देवासमोर घेतल्या जातात आणि पुष्कळदा आठवडाभरातच मोडतात. घरची मंडळी मग म्हणतात, “ह्यांच्यात निश्चयच नाही.” हा दोषारोप आम्हांस अन्यायाचा वाटतो. झुरका घेताच अवघ्या काही सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. त्याची सवय जडल्यावर ते एकाएकी बंद केले, की चिडचिड, बेचैनी व निद्रानाश सुरू होतो. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत अधिक असतो आणि बहुधा तीन-चार आठवड्यांत ओसरतो. डॉक्टरांची गरज आहे ती नेमकी याच दिवसांत.

सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळाने ओढता, असे डॉक्टर विचारतात. अर्ध्या तासाच्या आत असेल, तर व्यसन मुरलेले समजावे. मग सोडण्याचा दिवस ठरवतात, जरूर तर निकोटिनचा च्युइंगगम वा औषध देतात आणि पुन्हा भेटीस बोलावतात. विडी सुटल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारे निम्म्यावर येतो.

कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांनी गोव्यात तंबाखूविरुद्ध दीर्घकाळ चळवळ केली. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास व थुंकण्यास बंदी करणारा कायदा गोव्याने १९९७ साली केला. तो कायदा घराच्या उंबरठ्याआत पोहोचत नाही. तेथे घरच्यांनीच टोमणे थांबवून आपल्या माणसास दवाखान्यात न्यावे, आणि शपथ मोडली तरी पुन्हा न्यावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.