वित्तीय नियंत्रणांतील उणिवा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सूचिबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला की बहुतेक भागधारक नफा, लाभांश आणि अध्यक्षांचे निवेदन वाचतात. लेखापरीक्षकांच्या अहवालाला जोडलेले अंतर्गत वित्तीय नियंत्रणांवरचे परिशिष्ट मात्र क्वचितच कुणी उघडते. नफ्याचा आकडा कितपत भरवशाचा, याचा अंदाज खरे तर त्याच पानांवरून येतो. नोंद कोण करतो, तिला मंजुरी कोण देतो, बँकेच्या उताऱ्याशी ताळमेळ कोण घालतो आणि चूक झाली तर ती कुठे अडते, ही सारी व्यवस्था म्हणजे अंतर्गत वित्तीय नियंत्रण. तिच्यात मोठी फट सापडली तर तिला ‘मटेरियल वीकनेस’, म्हणजे गंभीर उणीव, म्हणतात. ही फट बुजवायची कशी, याबद्दल गुंतवणूकदारांत आणि कंपन्यांतही बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : गंभीर उणीव म्हणजे घोटाळाच.

वस्तुस्थिती : आकड्यांत मोठी चूक राहून जाण्याची आणि ती वेळेत न सापडण्याची वाजवी शक्यता असली, तरी उणीव गंभीर ठरते. प्रत्यक्ष चूक झालेलीच असावी लागत नाही. म्हणूनच आर्थिक पत्रके बरोबर आहेत असे मत देणारा लेखापरीक्षक त्याच वर्षी नियंत्रणे पुरेशी नाहीत, असेही नोंदवू शकतो. अशा वेळी त्याने जादा तपासणी करून आकड्यांची खात्री करून घेतलेली असते. उलट, सारे आलबेल दिसणे हा प्रामाणिकपणाचा पुरावा नव्हे. सत्यम कॉम्प्युटर्सला सप्टेंबर २००८ मध्ये कंपनी सुशासनासाठी ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते.

गैरसमज २ : नियंत्रणे सांभाळणे हे ऑडिटरचे काम.

वस्तुस्थिती : ही जबाबदारी आधी संचालकांची आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३४(५) नुसार सूचिबद्ध कंपनीच्या संचालकांना नियंत्रणे घालून दिल्याचे आणि ती पुरेशी व परिणामकारक असल्याचे लेखी सांगावे लागते. कलम १४३(३) नुसार लेखापरीक्षक त्यावर स्वतंत्र मत देतो. हे मत २०१५-१६ या आर्थिक वर्षापासून सक्तीचे झाले. मोठी चूक कंपनीच्या आधी ऑडिटरला सापडली, तर ते कंपनीचे नियंत्रण कमकुवत असल्याचे लक्षण मानले जाते.

ऑडिटरची तपासणी ढिली पडली की काय होते, हेही सत्यममध्ये दिसले. बँकेतील शिलकीची खातरजमा ऑडिटरने थेट बँकेकडून करून घ्यायची असते. इथे कंपनीच्या व्यवस्थापनामार्फत आलेल्या कागदांवर विसंबून राहिल्याचा ठपका अमेरिकी बाजार नियामक ‘एसईसी’ने एप्रिल २०११ मध्ये प्राइस वॉटरहाऊसच्या भारतीय संस्थांवर ठेवला आणि त्यांना ६० लाख डॉलर दंड भरावा लागला.

गैरसमज ३ : नवे सॉफ्टवेअर बसवले की उणीव गेली.

वस्तुस्थिती : सत्यम स्वतःच सॉफ्टवेअर कंपनी होती. सीबीआयच्या तपासात ७,५६१ बनावट बिले आढळली. ‘सुपर यूझर’चा अधिकार वापरून ती बिलिंगच्या संगणक प्रणालीत घुसवली होती आणि नेहमीच्या कर्मचाऱ्यांना ती दिसणार नाहीत अशी सोय केली होती. प्रणालीत कोणाला काय करता येते, तो अधिकार कोणी दिला आणि त्याच्या वापराचा आढावा दुसरे कोणी घेते का, हे प्रश्न सॉफ्टवेअर आपणहून सोडवत नाही. भारतात १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणे आणि ती बंद करता न येणे बंधनकारक आहे. पाऊल योग्यच आहे, पण ती नोंद कोणी वाचत नसेल तर तिचा उपयोग काय?

गैरसमज ४ : धोरण लिहिले, संचालक मंडळाने मंजूर केले, की दुरुस्ती पूर्ण.

वस्तुस्थिती : इथे सर्वात जास्त घाई होते. चुकलेला आकडा दुरुस्त करणे म्हणजे फक्त लक्षण दूर करणे. खरे काम कारण शोधण्यापासून सुरू होते. ताळमेळ का राहिला? माणूस कमी होता, त्याला लेखा मानके नीट माहीत नव्हती, की नोंद करणारा आणि मंजुरी देणारा एकच होता? कारण कळले की नियंत्रणाची नवी आखणी होते, ते चालवणारी व्यक्ती नावानिशी ठरते आणि ते चालवल्याचा पुरावा जपला जातो. त्यानंतर त्या कामाशी संबंध नसलेल्या माणसाने ते तपासायचे आणि लेखापरीक्षण समितीला निष्कर्ष सांगायचा.

ते नियंत्रण पुरेसा काळ नीट चाललेलेही दिसावे लागते. महिन्याला होणारा ताळमेळ एकदा जमला म्हणून दुरुस्ती झाली असे म्हणता येत नाही, तो काही महिने ओळीने जमावा लागतो. वर्षअखेरच्या कामातील नियंत्रणाची परीक्षा तर वर्षातून एकदाच होते. वर्ष संपण्याच्या तोंडावर केलेली दुरुस्ती त्या वर्षाच्या अहवालात ‘पूर्ण’ म्हणून क्वचितच टिकते. सत्यममध्ये नव्या संचालक मंडळाने आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्राने कंपनी सावरली, तरी २००८-०९ चे हिशेब लोकांसमोर यायला सप्टेंबर २०१० उजाडले.

गैरसमज ५ : उणीव जाहीर केली की जबाबदारी संपली.

वस्तुस्थिती : जाहीर करणे ही फक्त सुरुवात आहे. जानेवारी २०१९ मध्ये ‘एसईसी’ने ग्रुपो सिमेक, लाइफवे फूड्स, डिजिटल टर्बाइन आणि सायट्रएक्स या चार कंपन्यांवर कारवाई केली. सात ते दहा वर्षे या कंपन्या दर वर्षी उणीव जाहीर करत राहिल्या, ती मात्र वेळेत दूर केली नाही. दंड ७५ हजार ते २ लाख डॉलर इतकाच होता. तरीही कबुलीआड लपता येणार नाही, हा संदेश बाजारात पोहोचला.

गैरसमज ६ : चुका खालचे कारकून करतात, वरच्यांचा काय संबंध?

वस्तुस्थिती : सर्वात अवघड उणीव वरच असते. कॉग्निझंटने २०१६ च्या अहवालात गंभीर उणीव मान्य केली, ती भारतातील संशयास्पद देयकांच्या चौकशीनंतर. काही वरिष्ठांनी नियंत्रणे डावलली किंवा ती लागू करण्यात कसूर केली असावी, असे त्यात म्हटले होते. एवढ्या मोठ्या कंपनीच्या उलाढालीपुढे ती रक्कम किरकोळ होती, तरी उणीव गंभीर ठरली. वरचा माणूस नियम मोडू शकत असेल तर खाली कितीही तपासण्या असोत, त्या पोकळच राहतात. अशी उणीव बुजवायला निर्भय लेखापरीक्षण समिती आणि तक्रार करणाऱ्याला संरक्षण देणारी यंत्रणा लागते. वेळ पडली तर माणसेही बदलावी लागतात.

वाचकांना एक आग्रहाची विनंती. पुढचा वार्षिक अहवाल आला की नियंत्रणांवरचे परिशिष्ट आधी काढा आणि मागच्या वर्षीच्या परिशिष्टाशेजारी ठेवून वाचा. तीच उणीव त्याच शब्दांत पुन्हा आली असेल तर वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारा : कारण काय सापडले, जबाबदारी कोणावर आहे, तपासले कोणी आणि किती महिने? कलम १४६ नुसार त्या सभेला लेखापरीक्षकाने स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर राहणे सामान्यतः बंधनकारक असते. पैसा तुमचा आहे, त्यामुळे हे प्रश्न विचारणे हा तुमचा हक्क आहे.