एक्लिप्स: एका न हरलेल्या घोड्याचा वंश

एक्लिप्स हा घोडा १ एप्रिल १७६४ रोजी इंग्लंडमध्ये जन्मला. त्या दिवशी तिथे कंकणाकृती सूर्यग्रहण झाले, म्हणून त्याचे नाव ग्रहणावरून ठेवले गेले. त्याची पैदास करणारे कंबरलँडचे ड्यूक विल्यम हे राजे दुसरे जॉर्ज यांचे धाकटे चिरंजीव होते. कलोडनच्या लढाईमुळे ब्रिटनच्या इतिहासात त्यांचे नाव क्रौर्याशी जोडले गेले आहे, पण विंडसरजवळच्या त्यांच्या पागेने घोड्यांच्या जगाला दोन असामान्य नर दिले. पहिला १७५८ साली जन्मलेला हेरोड आणि दुसरा एक्लिप्स. आज जगभरच्या रेसकोर्सवर धावणाऱ्या थरोब्रेड घोड्यांची वंशावळ वाचताना ही दोन नावे पुन्हा पुन्हा भेटतात.

थरोब्रेड ही जात तेव्हा आकार घेत होती. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडमध्ये पूर्वेकडचे अनेक घोडे आणले गेले आणि तिथल्या घोड्यांशी त्यांचा संकर झाला. त्यांपैकी तिघांचाच पितृवंश आजवर टिकला. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे ते तिघे. डार्ली अरेबियन सीरियातल्या अलेप्पो शहरात टॉमस डार्ली या इंग्रज व्यापाऱ्याने विकत घेतला आणि १७०४ साली यॉर्कशरला पाठवला. एक्लिप्स हा त्याचा खापरपणतू. एक्लिप्सचा बाप मार्स्क, आजा स्क्वर्ट, पणजा बार्टलेट्स चिल्डर्स आणि त्याचा बाप डार्ली अरेबियन, अशी ही साखळी आहे. आई स्पिलेटा गोडॉल्फिन अरेबियनची नात होती. म्हणजे तीन मूळ घोड्यांपैकी दोघांचे रक्त एक्लिप्समध्ये एकत्र आले होते.

ड्यूक १७६५ मध्ये वारले आणि त्यांची पागा लिलावात निघाली. दीड वर्षाचे हे तांबूस शिंगरू स्मिथफील्डच्या मांसबाजारातल्या विल्यम वाइल्डमन या व्यापाऱ्याने घेतले. किंमत ७५ गिनी सांगितली जाते. घोडा अंगाने दणकट पण स्वभावाने तापट होता. कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा आणि उजवा मागचा पाय गुडघ्यापर्यंत पांढरा, ही त्याची ओळख होती. वाइल्डमनने घाई केली नाही. एक्लिप्स शर्यतीत उतरला तो पाच वर्षांचा झाल्यावर.

तेव्हाच्या शर्यती आजच्यासारख्या नव्हत्या. महत्त्वाची लढत चार मैलांची, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटरची असे, आणि ती एकाच दिवशी दोन-तीन फेऱ्यांत धावावी लागे. राजाच्या नावाने ठेवलेल्या किंग्ज प्लेट शर्यतींत घोड्यांच्या पाठीवर १२ स्टोन, म्हणजे जवळपास ७६ किलो वजन असे. विजेत्यापेक्षा २४० यार्डांहून जास्त मागे पडलेला घोडा त्या शर्यतीतून बाद होई आणि निकालात त्याला स्थानच मिळत नसे. ३ मे १७६९ रोजी एप्सम इथे एक्लिप्सने पहिली फेरी सहज जिंकली. दुसरीच्या आधी डेनिस ओकेली या आयरिश जुगाऱ्याने पैज लावली, की आपण सगळ्या घोड्यांचा क्रम आधीच सांगतो: एक्लिप्स पहिला आणि बाकीच्यांना स्थानच नाही. घडले नेमके तसेच. एक्लिप्सने सर्वांना २४० यार्डांहून जास्त मागे टाकले. ‘एक्लिप्स पहिला, बाकीच्यांना स्थानच नाही’ हे वाक्य इंग्रजी भाषेत आजही निर्विवाद विजयासाठी वापरले जाते.

ओकेलीने त्याच वर्षी ६५० गिनी देऊन घोड्यातला अर्धा हिस्सा घेतला आणि पुढच्या वर्षी ११०० गिनींना उरलेला अर्धा. कर्जापायी तुरुंगवास भोगलेल्या या माणसाला प्रतिष्ठितांच्या जॉकी क्लबने कधीही सदस्य करून घेतले नाही, पण त्याच्या घोड्याला ते अडवू शकले नाहीत. एप्रिल १७७० मध्ये न्यूमार्केटला एक्लिप्सने तोवर न हरलेल्या ब्युसेफलसला हरवले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १८ शर्यती आणि १८ विजय होते, त्यांत ११ किंग्ज प्लेट. मात्र या अठरांपैकी आठ वेळा त्याच्याविरुद्ध कोणी उतरलेच नाही आणि त्याने एकट्यानेच मैदान पार केले. हे त्याचे उणेपण नव्हे. प्रतिस्पर्धी मालकांनी हार आधीच मान्य केली होती, एवढाच त्याचा अर्थ. जॉर्ज स्टब्स या चित्रकाराने काढलेले त्याचे १७७० सालचे न्यूमार्केटमधले चित्र प्रसिद्ध आहे.

१७७१ पासून एक्लिप्स एप्समजवळच्या क्ले हिल इथे पैदाशीसाठी ठेवला गेला. इथून पुढची कहाणी त्याच्या शर्यतींहून महत्त्वाची आहे आणि ती बहुतेक वेळा चुकीची सांगितली जाते. हयातीत एक्लिप्स इंग्लंडमधला सर्वश्रेष्ठ पैदाशीचा घोडा कधीच ठरला नाही. एका वर्षात संततीने जिंकलेल्या रकमेवरून हा मान ठरतो. तो आधी सलग अनेक वर्षे हेरोडला मिळाला आणि मग हेरोडचा मुलगा हायफ्लायर याला. एक्लिप्स वर्षानुवर्षे दुसरा राहिला. त्याच्या संततीतल्या विजेत्यांची संख्या ३४४ आणि त्यांची कमाई १,५८,००० पौंडांहून अधिक, असे परंपरेने सांगतात. डर्बीची शर्यत १७८० मध्ये सुरू झाली. त्याच्या यंग एक्लिप्स, सॉल्ट्रम आणि सार्जंट या मुलांनी ती अनुक्रमे १७८१, १७८३ आणि १७८४ मध्ये जिंकली. पाच-सहा वर्षांच्या घोड्यांनी चार मैल धावण्याचा काळ सरत होता. तीन वर्षांच्या घोड्यांच्या एक-दीड मैलाच्या वेगवान शर्यती लोकप्रिय होत होत्या. जुन्या पद्धतीचा राजा असलेल्या एक्लिप्सची मुले या नव्या पद्धतीतही जिंकली.

गंमत अशी, की डर्बी जिंकणाऱ्या या तिघांपैकी एकाकडूनही आजचा मुख्य वंश आलेला नाही. तो आला पॉटेटोज आणि किंग फर्गस या दोघांकडून. पॉटेटोज १७७३ चा. त्याच्या नावाचे लेखन ‘पॉट’पुढे आठ ‘ओ’ असे होते आणि ती एका मोतद्दाराची करामत असल्याचे सांगतात. त्याचा मुलगा वॅक्सी याने १७९३ ची डर्बी जिंकली आणि वॅक्सीचा मुलगा व्हेलबोन याने १८१० ची. किंग फर्गसचा मुलगा हॅम्बल्टोनियन याने १७९५ ची सेंट लेजर शर्यत जिंकली. वॅक्सीची आई मारिया हेरोडची मुलगी होती. हॅम्बल्टोनियनची आई हायफ्लायरची मुलगी, म्हणजे हेरोडची नात होती. एक्लिप्सच्या वंशाला अमरत्व मिळाले ते ज्या घोड्याने त्याला वर्षानुवर्षे दुसऱ्या स्थानावर ठेवले त्याच्याच लेकी-नातींच्या पोटी. एकाच पागेतले हे दोन नर असे एकमेकांत मिसळले, आणि बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या यादीत मात्र एकाचेच नाव ठळक राहिले.

पॉटेटोजच्या शाखेत पुढे १८४९ साली स्टॉकवेल जन्मला आणि सात वर्षे इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ पैदाशीचा घोडा ठरला. त्याच्यापासून डॉन्कॅस्टर, बेंड ऑर, बोना व्हिस्टा, सिलीन, पॉलिमेलस असे उतरत ही शाखा १९१३ मध्ये जन्मलेल्या फॅलॅरिसपर्यंत आली. फॅलॅरिसनंतर तिने जग व्यापले. त्याचा नातू निअर्को इटलीत फेडेरिको टेसिओ यांनी वाढवला आणि तो १४ शर्यतींत एकदाही हरला नाही. निअर्कोचा नातू कॅनडात १९६१ साली जन्मलेला नॉर्दर्न डान्सर. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यतींची तिहेरी मालिका जिंकणारा सेक्रेटेरिएट हाही निअर्कोच्याच घराण्यातला. एक्लिप्सपासून मोजले तर नॉर्दर्न डान्सर सतरावी पिढी.

किंग फर्गसची शाखा एके काळी याहून बलाढ्य होती. तिच्यातला १८८१ चा सेंट सायमन एकही शर्यत हरला नाही आणि नऊ वेळा सर्वश्रेष्ठ पैदाशीचा घोडा ठरला. पण त्याच्या मुलांची आणि मुलींची संख्या इंग्लंडमध्ये इतकी वाढली, की त्याच्या मुलांसाठी नात्याबाहेरच्या चांगल्या घोड्या मिळेनाशा झाल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतच तिथे हा पितृवंश कोसळला. तो इटलीत टिकला आणि त्यातून पुढे रिबो हा अजिंक्य घोडा निघाला. यशाचा अतिरेक वंशाला कसा मारतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

एक्लिप्स २७ फेब्रुवारी १७८९ रोजी पोटशूळाने मेला. त्याचे शवविच्छेदन शार्ल व्हियाल द सेंबेल या फ्रेंच पशुवैद्याने केले. हृदयाचे वजन १४ पौंड, म्हणजे सव्वासहा किलोंहून अधिक भरल्याची नोंद आहे, आणि ते सर्वसाधारण घोड्याच्या हृदयापेक्षा बरेच मोठे होते. सेंबेलने प्रत्येक अवयवाचे माप घेतले. आदर्श घोड्याच्या प्रमाणांची फ्रेंच पशुवैद्यक शाळेत शिकवली जाणारी कोष्टके एक्लिप्सला लागू पडत नाहीत, हे त्याने दाखवून दिले. आधी आदर्श ठरवून मग प्राणी पाहण्याऐवजी प्रत्यक्ष प्राणी मोजण्याची ही वाट होती. १७९१ मध्ये लंडनला ब्रिटनमधले पशुवैद्यकाचे पहिले महाविद्यालय स्थापन झाले तेव्हा त्याचा पहिला प्राध्यापक सेंबेल झाला. तेच आजचे रॉयल व्हेटरिनरी कॉलेज, आणि एक्लिप्सचा सांगाडा तिथेच आहे. एके काळी त्याचे म्हणून एकाहून अधिक सांगाडे आणि चारांहून अधिक खूर दाखवले जात असत. एका खुराचे सोन्याने मढवलेले स्मृतिचिन्ह १८३२ मध्ये राजे चौथे विल्यम यांनी जॉकी क्लबला दिले. सँडाउन पार्क रेसकोर्सवर १८८६ पासून होणारी एक्लिप्स स्टेक्स शर्यत आणि अमेरिकेत १९७१ पासून दिले जाणारे एक्लिप्स पुरस्कार त्याच्याच नावाचे.

वंशावळीच्या कागदांना आता आनुवंशिकीची जोड मिळाली आहे. आयर्लंडमधल्या पॅट्रिक कनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले, की आजच्या थरोब्रेडांपैकी ९५ टक्के घोड्यांचा पितृवंश डार्ली अरेबियनपर्यंत जातो. या पितृवंशाचा जवळपास सगळा प्रवाह एक्लिप्समधूनच वाहतो. पण पितृवंश म्हणजे वंशवृक्षाची एकच कड. दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येक घोड्याला १०२४ पूर्वजांच्या जागा असतात आणि शुद्ध पितृवंशात त्यांतली एकच जागा येते. एकूण जनुकांचा हिशेब केला तर गोडॉल्फिन अरेबियनचा वाटा डार्ली अरेबियनपेक्षा मोठा निघतो.

वेगाच्या बाबतीत तर आणखी आश्चर्य आहे. स्नायूंच्या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकाचा एक प्रकार कमी पल्ल्याच्या वेगाला, तर दुसरा लांब पल्ल्याच्या दमाला अनुकूल असतो. २०१२ च्या एका अभ्यासात १७६४ ते १९३० या काळात जन्मलेल्या १२ नामवंत नरांचे अवशेष तपासले गेले. त्यांत दमाचा प्रकारच प्रामुख्याने आढळला. वेगाचा प्रकार जातीच्या आरंभी बहुधा एका ब्रिटिश घोडीकडून आला आणि विसाव्या शतकात नॉर्दर्न डान्सरचा बाप निअर्क्टिक याच्या संततीतून फैलावला, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. तीनशे वर्षे नरांच्या नावाने लिहिलेल्या या इतिहासात नाव न उरलेल्या घोडीचे ऋण फार मोठे आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवे.

भारतातल्या थरोब्रेडांच्या जन्माची नोंद ठेवणारी स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया ही संस्था रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या अखत्यारीत पुण्यातून चालते. इंग्लंडमध्ये वेदरबी घराण्याने १७९१ मध्ये सुरू केलेल्या जनरल स्टड बुकच्याच परंपरेतले हे काम आहे. नोंदवहीत आई आणि बाप दोन्ही सिद्ध झाल्याशिवाय शिंगराला थरोब्रेड म्हणून मान्यता नाही, आणि कृत्रिम रेतनाला या जातीत जगभर बंदी आहे. भारतात दीर्घकाळ अव्वल ठरलेला रझीन हा पैदाशीचा घोडा नॉर्दर्न डान्सरचा मुलगा होता. त्यामुळे मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर १९४३ पासून होणाऱ्या इंडियन डर्बीत उतरणाऱ्या कितीतरी घोड्यांचे मूळ थेट एक्लिप्सशी जोडलेले आहे.

या वारशाची एक काळजीची बाजू आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक थरोब्रेडांच्या जनुकीय अभ्यासात गेल्या पाच दशकांत अंतःप्रजनन लक्षणीय वाढल्याचे दिसले. तपासलेल्या घोड्यांपैकी ९७ टक्क्यांच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर होता. सेंट सायमनच्या वेळी इंग्लंडपुरते जे घडले ते आता जगभर घडू शकते, कारण नर घोडे विमानाने एका गोलार्धातून दुसऱ्यात पैदाशीसाठी नेले जातात आणि एकेका नराकडे वर्षाला दीडशेहून अधिक घोड्या आणल्या जातात. अमेरिकेच्या जॉकी क्लबने २०२० मध्ये एका नरासाठी वर्षाला १४० घोड्यांची मर्यादा ठरवली. पैदासकारांनी तिला न्यायालयात आव्हान दिले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये क्लबने तो नियम मागे घेतला.